पेशीच्या दारावरील खूण

पानिपत शहराबाहेर सात-आठ किलोमीटरांवर काला अंब नावाचे स्थळ आहे. दिल्लीला आलेला मराठी माणूस सवड काढून तेथे जातो. एके काळी तेथे आंब्याचे एक झाड होते. १४ जानेवारी १७६१ रोजी झालेल्या संग्रामातील रक्ताने ते काळवंडले, अशी लोकांची समजूत आहे. आता झाड नाही. त्याच्या जागी एक स्तंभ उभा आहे. त्या दिवसाच्या संहाराची वार्ता उत्तरेच्या वाटेवर असलेल्या नानासाहेब पेशव्यांना एका सावकाराच्या कासिदाजवळील पत्रातून कळली, असे सांगतात. वरवर पाहता ते पत्र पेढीवरच्या तोट्याचे होते. मोती गेले, मोहरा गेल्या, किरकोळ नाण्यांचा तर हिशेबच लागत नाही, असा त्याचा आशय. परक्याच्या हाती ते पडते, तर त्याने एका जवाहिऱ्याची कीव केली असती आणि पत्र परत दिले असते. मोती कोणते हे ज्याला ठाऊक होते, त्याच्या मात्र काळजाचे पाणी झाले. निरोपाचे बळ निरोपात जितके असते, तितकेच ते घेणाऱ्यातही असते, हे सांगण्यासाठी याहून नेमके उदाहरण मला सुचत नाही.

आपल्या शरीराचा कारभार अशाच निरोपांवर चालतो. एका ग्रंथीत निर्माण झालेले द्रव्य रक्तातून सर्व देहभर फिरते. कोट्यवधी पेशींच्या अंगावरून जाते. पण ते ‘वाचणाऱ्या’ पेशी थोड्याच असतात. या वाचनासाठी पेशीजवळ विशिष्ट घडणीचे प्रथिन असते. इंग्रजीतून आलेला त्याचा रूढ शब्द रिसेप्टर. मराठीत आपण त्याला ‘ग्राही’ म्हणू. काही ग्राही पेशीच्या पटलावर, म्हणजे जणू तिच्या दारावर, बसवलेले असतात. काही आत, माजघरात असतात. निरोप ग्राहीला चिकटला की पेशीत हालचाल सुरू होते. वाढ, थांब, दुभंग, दूध तयार कर, अशा आज्ञा आतपर्यंत पोचतात.

श्रोतेहो, हा विषय केवळ जीवशास्त्राच्या वर्गातला नव्हे. आज भारतात स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाच्या कर्करोगाचा क्रमांक पहिला आहे. आंतरराष्ट्रीय गणनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग झाल्याचे निदान झाले, आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. त्या प्रत्येक घरात केव्हातरी एक कागद येतो, निदान यायला हवा. त्यावर तीन ओळी असतात. पहिली ई. आर., दुसरी पी. आर., तिसरी हर-टू. समोर ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ असे लिहिलेले असते. घरातील मंडळी तो कागद पत्रिकेसारखा हातात धरतात आणि विचारतात, ‘म्हणजे चांगले की वाईट?’ मी वैद्य नव्हे. कागद वाचणे हाच माझा व्यवसाय. हा कागद कसा वाचावा आणि तो केव्हा विश्वासार्ह मानावा, एवढेच आज सांगावयाचे आहे.

या कथेचा प्रारंभ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमध्ये होतो. जॉर्ज बीटसन या शल्यवैद्याने स्तन्याच्या, म्हणजे दूध येण्याच्या, क्रियेचा अभ्यास केला होता. गाईचे बीजकोश काढले तर तिचे दूध अधिक काळ टिकते, ही काही ठिकाणच्या शेतकऱ्यांची माहिती त्याच्या कानी आली होती. बीजकोश आणि स्तन यांचा दूर अंतरावरूनही काही संबंध असला पाहिजे, असे त्याने ताडले. कर्करोग पसरलेल्या स्त्रीचे बीजकोश शस्त्रक्रियेने काढून गाठी मावळल्याचे त्याने १८९६ मध्ये प्रसिद्ध केले. निरोप कोणता हे कोणालाच ठाऊक नव्हते. पण निरोप पाठवणारा गप्प केला की रोग हटतो, एवढे दिसले. पुढे पुष्कळांनी हा प्रयोग केला, तेव्हा एक कोडे उभे राहिले. अशा स्त्रियांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्यालाच गुण येई. उरलेल्यांच्या वाट्याला शस्त्रक्रियेचे दुःख तेवढे येई. कोणाला गुण येईल हे आधी सांगता येत नसे.

या कोड्यावर जगात जे चिंतन चालू होते, त्यात मुंबईचाही वाटा आहे. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी भारतातील निरनिराळ्या समाजांत कोणता कर्करोग किती आढळतो, याची पद्धतशीर पाहणी केली. पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असल्याची नोंद त्यातलीच. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली पुण्याच्या कमल समर्थ, म्हणजे पुढच्या डॉ. कमल रणदिवे, यांनी १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी पेशी शरीराबाहेर वाढवण्याची, म्हणजे ऊतिसंवर्धनाची, प्रयोगशाळा उभी केली. भारतातील ती पहिलीच. उंदरांच्या निरनिराळ्या वंशांवर प्रयोग करून त्यांनी स्तनाचा कर्करोग, आनुवंशिकता आणि संप्रेरके, ज्यांना आपण हार्मोन म्हणतो, यांच्या संबंधाचा शोध घेतला. निरोप पाठवणाऱ्या ग्रंथी आणि निरोप ऐकणारी गाठ यांचे नाते या भूमीतही हाताने तपासले गेले, हे मराठी श्रोत्याने विसरू नये.

कोडे सुटले ते शिकागोत. १९५०च्या दशकाच्या अखेरीस एलवुड जेन्सन यांनी ईस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाला किरणोत्सारी हायड्रोजनची खूण जोडली आणि ते शरीरात कोठे थांबते हे पाहिले. गर्भाशयासारख्या अवयवांनी ते धरून ठेवले. स्नायूंनी जाऊ दिले. धरून ठेवणारे हे प्रथिन म्हणजे ईस्ट्रोजेनचा ग्राही, कागदावरील ई. आर. पुढे असे दिसून आले की ज्या गाठीत हा ग्राही असतो तीच बहुधा संप्रेरक रोखल्याने मावळते. ज्या गाठीत तो नाही, तिला संप्रेरक असले काय नि नसले काय. पेशीला पत्र वाचताच येत नसेल, तर टपाल बंद करून काय साधणार? दुसरी ओळ पी. आर. ही प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या ग्राहीची. ईस्ट्रोजेनचा निरोप आत पोचून कामाला लागला आहे, याची ती साक्ष देते.

येथे एक बारकावा सांगितला पाहिजे. हे दोन्ही ग्राही मुख्यतः पेशीच्या अंतर्भागात, केंद्रकात, असतात. संप्रेरके स्निग्ध असल्याने पटल ओलांडून आत शिरतात. म्हणून त्यांना अडवणारे औषधही आत शिरणारे असावे लागते. १९६०च्या दशकात गर्भनिरोधनासाठी तयार झालेले आणि त्या कामी अयशस्वी ठरलेले टॅमॉक्सिफेन नेमके असेच निघाले. ते ग्राहीच्या जागी जाऊन बसते आणि ईस्ट्रोजेनला बसू देत नाही. ई. आर. असलेल्या स्त्रीने ते पाच वर्षे घेतले तर पुढील पंधरा वर्षांत या रोगाने मृत्यू येण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटते, हे हजारो रुग्णांच्या एकत्रित अभ्यासातून २०११ मध्ये स्पष्ट झाले. ही गोळी स्वस्त आहे आणि घरी बसून घेता येते.

आता तिसरी ओळ. हर-टू हा खऱ्या अर्थाने दारावरचा ग्राही. त्याचा एक भाग पेशीच्या बाहेर, एक पटलात रुतलेला, एक आत. त्याच्या कुळात चार भावंडे. इतर भावंडांना वाढीचे निरोप मिळतात. ह्याला मात्र स्वतःचा असा निरोप नाही. निरोप मिळालेल्या भावंडाच्या हातात हात घालून तो त्याचा आवाज मोठा करतो, एवढेच त्याचे काम. निरोगी पेशीवर असे काही हजार ग्राही असतात. काही गाठींत मात्र सतराव्या गुणसूत्रावरील त्याच्या जनुकाच्या प्रती वाढत जातात आणि पेशीच्या पटलावर त्याची गर्दी लाखांवर, कधी वीस लाखांपर्यंत पोचते. मग ते एकमेकांचेच हात धरतात, आणि बाहेरून निरोप आलेला नसतानाही आत ‘वाढ, वाढ’ असा घोष सुरू होतो.

१९८७ मध्ये लॉस एंजलिसच्या डेनिस स्लामन यांनी सहकाऱ्यांसह १८९ गाठी तपासून दाखवले की सुमारे ३० टक्के गाठींत ह्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या आहेत, आणि अशा स्त्रियांचा रोग लवकर उलटतो व आयुष्य थोडे उरते. पुढील मोठ्या पाहण्यांत हे प्रमाण १५ ते २० टक्के ठरले; पण निष्कर्ष तोच राहिला. हर-टू ही अशुभ खूण होती. त्या काळी तो शब्द कागदावर येणे म्हणजे डॉक्टरांनी मान खाली घालणे.

पण दारावर असलेल्या वस्तूला बाहेरून हात लावता येतो. हर-टूच्या बाहेरच्या भागाला नेमके चिकटणारे प्रतिपिंड, ट्रॅस्टुझुमॅब, तयार करण्यात आले. अमेरिकेत त्याला १९९८ मध्ये मान्यता मिळाली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत असे दिसले की शस्त्रक्रियेनंतर रसायनोपचाराबरोबर किंवा त्यानंतर हे औषध दिल्यास रोग उलटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने कमी होते. जी खूण सर्वांत भयावह होती, तीच आता औषधाला वाट दाखवणारी झाली. गाठ बदलली नाही, ग्राही बदलला नाही. ज्ञान बदलले, आणि त्याबरोबर भवितव्य बदलले.

आजच्या विषयाचे सार येथे आहे. शास्त्रज्ञ खुणांचे दोन प्रकार मानतात. एक भवितव्यदर्शक: उपचार काहीही असोत, रोगाची स्वाभाविक गती कशी असेल हे ती सांगते. दुसरी उपचारदर्शक: अमुक औषध अमुक गाठीवर चालेल की नाही हे ती सांगते. हे दोन अर्थ एकाच खुणेत नांदू शकतात, आणि परस्परविरुद्धही असू शकतात. हर-टू असणे हे पहिल्या अर्थाने वाईट, दुसऱ्या अर्थाने चांगले. ई. आर. असणे पहिल्या काही वर्षांत आश्वासक. परंतु अशा गाठी पाच वर्षांनंतरही, अगदी वीस वर्षांपर्यंत, पुन्हा डोके वर काढू शकतात. म्हणून ‘आता बरे वाटते’ म्हणून दोन वर्षांत गोळी सोडणाऱ्या स्त्रीला ती ‘चांगली’ खूणच फसवते. तेव्हा ‘चांगले की वाईट’ हा प्रश्नच अपुरा आहे. खरा प्रश्न असा: ‘या खुणेने कोणता उपचार उघडतो, आणि तो आम्हांला मिळणार आहे का?’

कागदावर तीनही ओळी निगेटिव्ह असल्या तर? अशा गाठींना तिहेरी निगेटिव्ह म्हणतात. पाश्चात्त्य देशांत त्यांचे प्रमाण दहा ते पंधरा टक्क्यांच्या आसपास, तर भारतातील पाहण्यांत साधारण चौथा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक आढळते. आपल्याकडे हा रोग तुलनेने तरुण वयात होतो, हे त्याचे एक कारण. अशी गाठ पहिल्या काही वर्षांत आक्रमक असते हे खरे. परंतु दारावर खूण नाही म्हणजे उपाय नाही, असा अर्थ मुळीच नव्हे. रसायनोपचाराला अशा गाठी पुष्कळदा चांगला प्रतिसाद देतात, आणि पहिली काही वर्षे निर्वेध गेली की धोका झपाट्याने ओसरतो. अशा स्त्रीची आणि तिच्या बहिणी-मुलींची आनुवंशिक तपासणी करावी का, हेही विचारले पाहिजे, कारण बी. आर. सी. ए. या जनुकांतील दोषाशी अशा गाठींचा संबंध अधिक आढळतो.

हे सर्व ज्या कागदावर अवलंबून आहे, तो तयार कसा होतो? गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये बुडवून स्थिर करतात, मेणात बसवतात, त्याचे अत्यंत पातळ काप काढतात आणि ग्राहीला चिकटणारा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ई. आर. असलेल्या पेशी शंभरात एक असली तरी गाठ पॉझिटिव्ह मानतात. हर-टूला शून्यापासून तीनपर्यंत गुण देतात. शून्य व एक म्हणजे निगेटिव्ह, तीन म्हणजे पॉझिटिव्ह. दोन आले तर निर्णय होत नाही. तेव्हा ‘फिश’ नावाच्या दुसऱ्या तपासणीने जनुकाच्या प्रती मोजाव्या लागतात. ‘दोन’ हा गुण घेऊन जे कुटुंब तेथेच थांबते, त्याचा कागद अर्धाच लिहिलेला असतो. आणखी असे की २०२२ पासून अल्प प्रमाणात हर-टू असलेल्या, पसरलेल्या रोगावरही एक नवे औषध उपयोगी ठरले आहे. म्हणजे शून्य आणि एक यांतील फरकालाही आता अर्थ आला आहे.

या साखळीतील सर्वांत कच्चा दुवा प्रयोगशाळेत नसतो. तो शस्त्रक्रियेच्या मेजाजवळ असतो. काढलेला तुकडा तासाभराच्या आत योग्य तीव्रतेच्या फॉर्मॅलिनमध्ये पडला पाहिजे, आणि त्यात किमान ६ व कमाल ७२ तास राहिला पाहिजे, असा दंडक आहे. तुकडा तसाच पडून राहिला, फॉर्मॅलिन थोडे घातले, मोठी गाठ न कापता अखंड बुडवली, की ग्राही नासतात. मग असलेली खूण नसल्यासारखी दिसते. टाटा स्मारक रुग्णालयातून २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७९८ गाठींच्या पाहणीत ई. आर. केवळ एक तृतीयांश गाठींत आढळला होता. त्याच रुग्णालयाच्या २००९ मधील मोठ्या पाहणीत संप्रेरकग्राही निम्म्याहून अधिक गाठींत आढळले. भारतीय स्त्रियांचे वय, रोगाचे स्वरूप ही कारणे आहेतच. पण तुकडा कसा हाताळला आणि रंग कसा दिला, यावरही उत्तर अवलंबून असते, ही गोष्ट विकृतिशास्त्रज्ञ स्वतःच बजावून सांगतात. खोट्या ‘निगेटिव्ह’ची किंमत काय? एक स्वस्त गोळी, जी त्या स्त्रीला वाचवू शकली असती आणि जी तिला कोणी दिलीच नाही.

पानिपतसारख्या गावाचा विचार करा. तेथून दिल्ली नव्वद किलोमीटर. झज्जर जिल्ह्यातील बाढसा येथे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची राष्ट्रीय कर्करोग संस्था २०१९ मध्ये सुरू झाली, तीही याच टापूत. विदर्भातील किंवा कोकणातील तालुक्याहून नागपूरला वा मुंबईला तुकडा जातो, तसाच येथूनही तो मोठ्या ठिकाणी जातो. मोठे रुग्णालय कितीही निपुण असो, वाटेत नासलेला तुकडा त्याला बोलता करता येत नाही. म्हणून लहान गावच्या शल्यवैद्याची फॉर्मॅलिनची बरणी ही दिल्लीच्या सूक्ष्मदर्शकाइतकीच महत्त्वाची आहे. ती बरणी वेळेवर भरलेली असणे, तीवर शस्त्रक्रियेची वेळ लिहिलेली असणे, या गोष्टींना पैसा फारसा लागत नाही, शिस्त लागते.

पैशाचा प्रश्न औषधाजवळ येतो. ट्रॅस्टुझुमॅबची एक कुपी आपल्या देशात एके काळी लाखाच्या घरात जात असे. २०१४ मध्ये बंगळुरूच्या बायोकॉनने त्याचे समधर्मी औषध बाजारात आणले, पाठोपाठ इतरांनी आणले, आणि किंमत उतरली. २०१५ च्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश झाल्याने त्याच्या किमतीवर मर्यादा आली. वर्षाऐवजी सहा महिन्यांच्या उपचाराने जवळजवळ तेवढाच लाभ होतो, असे ब्रिटनमधील चार हजारांवर स्त्रियांच्या चाचणीने २०१९ मध्ये दाखवले. ज्यांना पूर्ण वर्षाचा खर्च झेपत नाही त्यांच्या डॉक्टरांना या माहितीचा विचार करता येतो. औषधाने काहींच्या हृदयाची शक्ती उणावते, म्हणून मधून मधून हृदयाची तपासणीही करावी लागते.

एक समतोल मात्र राखला पाहिजे. ग्राही म्हणजे सर्व काही नव्हे. गाठ किती मोठी, काखेतल्या गाठींत रोग गेला आहे का, पेशींचे रूप किती बिघडले आहे, या जुन्या प्रश्नांचे वजन आजही आहे. मुंबईत १९९८ मध्ये दीड लाखांवर स्त्रियांची एक चाचणी सुरू झाली. तिच्यात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ठराविक काळाने हाताने स्तनांची तपासणी केली. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले: रोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. खूण कितीही अचूक वाचली, तरी ती वेळेवर वाचलेली बरी.

आपल्याकडे सटवी कपाळावर लिहून जाते आणि ते पुसता येत नाही, अशी समजूत आहे. तीन ओळींचा हा कागद पाहून पुष्कळ घरांत हीच समजूत जागी होते, आणि मग प्रश्न विचारणे थांबते. ते थांबू नये. तपासणी तीनही ग्राहींची झाली का? हर-टूचा गुण दोन असल्यास पुढची तपासणी केली का? कागद आणि मेणाचा ठोकळा आम्हांला मिळेल का, म्हणजे शंका आल्यास दुसरीकडे दाखवता येईल? रोग उलटला तर पुन्हा तपासणी करावी का? हे चार प्रश्न विचारण्यासाठी विज्ञानाची पदवी लागत नाही. पेशीच्या दारावरील खूण ही ललाटरेषा नव्हे. ती पत्ता आहे. पत्ता नीट लिहिला आणि नीट वाचला, तर औषध योग्य दारी पोचते.